विसण

"वैजू, दुधाखालचा गॅस बारीक कर. मालन आलीय."

मी पेपरातून मान वर न करता "हं" म्हटलं. आईनं कोनाड्यातली पितळी बादली काढली, तिच्यात साबणाची वडी, पंचा आणि खोबरेल तेलाची बाटली ठेवली. गल्लीत मालन सकटे उभी होती. तिच्या केसांत सुताचे पांढरे तंतू अडकले होते. मागाच्या कांड्या भरायचं काम अर्धं टाकून ती आली होती.

"कोण गं?" आईनं विचारलं.

"सायझिंग कारखान्याच्या मागं पत्र्याच्या खोल्या हैत न्हवं, तिथली म्हातारी. ल्योक मागावर हाय, सून बाळंतपणाला गेलीया. घरात बाईमाणूस न्हाई."

"बोलकी होती का म्हातारी?"

"लय. उभ्या चाळीसंग भांडायची."

"बरं झालं. अबोल बाई असली की मला बोलायला सुचत नाही."

आईनं चपला पायात सरकवल्या. "येते गं," म्हणाली, आणि नेहमीसारखी उंबऱ्यावर थांबली. एका हातात बादली, दुसरा हात चौकटीवर. ती प्रत्येक वेळी अशी थांबायची. आधीच नीट असलेला पदर पुन्हा नीट करायची. आमचा उंबरा उंच होता आणि तिचा गुडघा दुखायचा, म्हणून थांबत असेल, असं मी धरून चालले होते. मी पेपराचं पान उलटलं. तिच्या चपलांचा आवाज गल्लीतून दूर गेला आणि यंत्रमागांच्या खटखटीत विरला.

गॅस बारीक करायचं राहूनच गेलं. दूध ओट्यावरून खाली आलं तेव्हा मी उठले.

आमचं गाव यंत्रमागांचं. बाहेरून आलेल्या पाहुण्याला तिथं झोप लागत नाही, आणि आम्हाला माग थांबले की जाग येते. माग दोनच कारणांनी थांबतात: वीज गेली तर, किंवा गल्लीतून तिरडी जात असली तर. मी तेव्हा नगर वाचनालयात ग्रंथपाल होते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात आम्ही दोघीच होतो.

आई, मालन, रशीदाभाभी मुजावर आणि भाजीवाली अक्काताई, या चौघींना गावात 'बादलीवाल्या' म्हणायचे. मी शाळेत असताना आमच्या मागच्या चाळीत मल्लय्या नावाचा एक तेलुगू विणकर राहायचा. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. परमुलखातली माणसं, नात्यातलं जवळ कोणी नाही. पुरुषांनी तिरडी बांधली आणि ते बाहेर उभे राहिले. आत ती मुलगी तशीच पडून होती. बाईला शेवटची अंघोळ बाईनं घालायची, आणि चाळीतली एकही बाई उठेना. कुणाचं व्रत होतं, कुणाला दिवस गेले होते, कुणी नुसतंच दार लोटून घेतलं होतं. आई पोळ्या लाटत होती. ती लाटणं ठेवून उठली, बादली घेतली आणि गेली. तिच्यामागोमाग मालन गेली. रशीदाभाभी आणि अक्काताई पुढं त्यांना येऊन मिळाल्या. मंडळ नव्हतं, अध्यक्ष नव्हता, फलक नव्हता. नाव गावानं ठेवलं, आणि ते काही कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. आईला हळदीकुंकवाची बोलावणी यायची थांबली ती बाबा गेल्यावर नव्हे. त्याच्या कितीतरी आधी.

चौघींचा एक शिरस्ता होता. घरच्या कुणी 'या' म्हटल्याशिवाय त्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. आत गेल्या की मात्र त्या घर ताब्यात घेत. आई डोकं धरायची. मालन पाणी घालायची. रशीदाभाभी आणि अक्काताई कुशीवर वळवायच्या. आणि सगळा वेळ चौघी त्या बाईशी बोलत असत. "हात जरा सैल सोडा, मावशी." "आता पाठ घासते हं." एका खाष्ट सासूला आई म्हणाली होती, "सुनेला जन्मभर वळण लावलंत, आता तुम्ही जरा इकडं वळा." आतून हसू ऐकून बाहेरची माणसं चमकली होती.

दुसरं होतं ते विसण. जिवंत माणसाच्या अंघोळीला आपण आधी कढत पाणी घेतो आणि मग त्यात गार पाण्याचं विसण घालतो. मेलेल्या माणसासाठी आमच्याकडं मुद्दाम उलटं करतात, आधी गार आणि वरून कढत. त्यामुळं एरवी कुणी चुकून गार पाण्यात गरम ओतलं, की घरातल्या म्हाताऱ्या अंगावर धावून येतात. आई मात्र गेलेल्या बाईलाही आपल्यासारखंच पाणी काढायची. आधी कढत, मग विसण, मग कोपर बुडवून बघायचं. भटजींनी एकदा हटकलं, तर म्हणाली, "तिच्यासाठी उलटं कशाला? तिनं काय केलंय?"

त्या दिवशी ती दुपारी परत आली, परसात अंघोळ केली आणि जेवायला बसली. तेवढ्यात नानाकाका आले. नानाकाका म्हणजे माझे धाकटे चुलते. त्याच गल्लीत राहायचे आणि आमच्या समाजाच्या संस्थेचे अध्यक्ष होते. ते आईच्या ताटापासून जरा लांबच बसले.

"वहिनी, रविवारी समाज भवनात कार्यक्रम आहे. निःस्वार्थ सेवा करणाऱ्यांचा सत्कार. तुमचं नाव घातलंय."

"आणि बाकीच्या तिघी?"

"त्या आपल्या समाजातल्या नाहीत."

"मरणाऱ्या तरी कुठं सगळ्या आपल्या समाजातल्या असतात, भावजी?"

"शाल-श्रीफळ आहे हो. त्यात वाद कसला?"

"मग चौघींना बोलवा. चार शाली आणा. नाहीतर ती एक शाल तुमच्या प्रमुख पाहुण्यालाच दोनदा पांघरा. वय झालंय त्यांचं, वाजत असेल थंडी."

मला हसू आवरेना. नानाकाका माझ्याकडं वळले. "हसतेस काय? शिकलेली ना तू? समजाव तिला."

"मी समजावायला गेले तर पाच शाली मागेल ती."

आईचा घास हातात राहिला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग ताकाची वाटी तोंडाला लावली. नानाकाका चहा न घेता गेले.

हे सोमवारी.

मंगळवारी सकाळी आई परसात कपडे वाळत घालत होती. दोरी धरून ती हळूच खाली बसली आणि म्हणाली, "वैजू, पाणी." मी तांब्या घेऊन धावले, तोवर तिनं भिंतीला डोकं टेकलं होतं. गल्लीच्या तोंडाशी राहणारे डॉक्टर अनवाणीच आले. गुडघ्यांवर बसून बराच वेळ तपासत राहिले, मग उठले आणि माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. तो तांब्या तोवर मी धरूनच होते.

माणसं जमली. समाजातले पुरुष समोरच्या ओट्यावर बसले, बायका माजघरात. नानाकाकांनी सगळं हाती घेतलं. बांबू सांगितले, भटजींना निरोप धाडला. "अग्नी आमचा प्रशांत देईल, पुतण्या आहे तो वहिनींचा," असं त्यांनी मला सांगितलं, विचारलं नाही. मी मान हलवली. त्यांनी त्या वेळी काहीही सांगितलं असतं तरी मी मान हलवली असती.

आमचं परस घराच्या कडेला, फाटकाला लागून होतं. तिथून मला फाटकाशी त्या तिघी दिसल्या. मालन, रशीदाभाभी, अक्काताई. प्रत्येकीच्या हातात बादली. त्या आत आल्या नाहीत. शिरस्त्याप्रमाणे बाहेर उभ्या राहिल्या, 'या' ऐकायला.

नानाकाका त्यांच्यापाशी गेले. बोलणं मऊ होतं. "तुमचे उपकार आहेत गावावर. पण हे आमच्या घरातलं कार्य आहे. अंघोळ घरच्या बायका घालतील. तुम्ही बसा तिकडं सावलीला."

अक्काताईला कमी ऐकू यायचं. "काय म्हंत्यात?" तिनं मोठ्यांदा विचारलं.

"नगं म्हंत्यात," मालन म्हणाली.

"कुणाला नगं? प्रमिलाला?"

प्रमिला म्हणजे आई. तिघी सावलीलाही गेल्या नाहीत. उन्हात, फाटकाला हात न लावता, उभ्याच राहिल्या.

इकडं माजघरात घरच्या बायका एकमेकींकडं बघत होत्या. कुणाची पाठ धरली होती, कुणाची नातवंडं लहान होती. शेवटी नानाकाकांनी दारातून आपल्या बायकोला हाक मारली. कुसुमकाकू घाबरट स्वभावाची. आईशी ती प्रेमानं बोलायची, पण आमच्याकडं आली की पाणीसुद्धा प्यायची नाही. ती उठली, पदर घट्ट लपेटून परसात आली. तीन विटांच्या चुलीवर पाणी उकळत होतं. तिनं हौदातलं गार पाणी आईच्या पितळी बादलीत घेतलं आणि वरून कढत ओतायला सुरुवात केली.

"कुसुमकाकू," फाटकातून मालन ओरडली, "उलटं हुतंय!"

"काही उलटं नाही," नानाकाका म्हणाले. "मढ्याला असंच घालतात."

मढं. हा शब्द मी आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती 'बाई' म्हणायची, आणि नाव ठाऊक असेल तर नाव घ्यायची. मी भिंतीशी बसले होते. आई चटईवर होती आणि तिच्या बोटाला कपड्यांचा एक चिमटा अजून तसाच होता, कुणी काढला नव्हता. मी तो काढला. उठले. बादलीपाशी गेले आणि दोन्ही हातांनी ती उपडी केली. पाणी फरशीवरून वाहत नानाकाकांपर्यंत गेलं. त्यांनी पाय मागं घेतले.

"वैजू! डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. आईला अंघोळ त्या तिघी घालतील."

"समाज बसलाय बाहेर. काय म्हणतील? एक मुसलमान, एक..." ते अडखळले.

"एक काय? बोला की, नानाकाका. ती ऐकते आहे."

मालन खरंच ऐकत होती. नानाकाका तो शब्द बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा लाल झाला.

"ठीक आहे. मग समाजातला एक माणूस खांद्याला लागणार नाही. प्रशांतही अग्नी देणार नाही. ध्यानात ठेव."

"अग्नी मी देईन."

"आणि न्यायची कशी? वाचनालयातून पुस्तक नेतात तशी काखोटीला मारून?"

ओट्यावरचं कुणीतरी खोकलं. कालच्या माझ्या विनोदाची त्यांनी अशी परतफेड केली होती. मी फाटकाकडं वळले. "मालनमावशी, रशीदाभाभी, अक्काताई. या."

"पाऊल टाकू नका," नानाकाका म्हणाले.

तेव्हा माझ्यामागून एक आवाज आला. इतका बारीक की तो कुसुमकाकूचा आहे हे ओळखायलाही मला एक क्षण लागला.

"अहो, सासूबाईंना अंघोळ कुणी घातली होती?"

नानाकाका थबकले.

"तुमच्या आईला. तुमच्या बहिणी आल्या होत्या तिघी. एकीनंही हात लावला नाही. मी दाराआड उभी होते भिऊन. वहिनींनी डोकं धरलं, आणि कुशीवर कुणी घेतलं? या रशीदाभाभींनी. पाणी कुणी घातलं? या मालनबाईंनी. तुम्ही बाहेर तिरडी बांधत होता, तुम्हाला माहीत होतं. तेव्हा नाही म्हणालात समाज काय म्हणेल."

"कुसुम, आत जा."

"नाही जात," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली.

नानाकाकांनी एकदा आईकडं पाहिलं, एकदा ओट्याकडं. मग उपरणं खांद्यावर टाकून ते फाटकातून निघून गेले. त्यांना वाट द्यायला तिघी बाजूला झाल्या, आणि ते गेल्यावर आत आल्या.

चार बाजूंनी लुगडी धरली. मालननं कढत पाणी बादलीत घेतलं, वरून विसण घातलं, कोपर बुडवलं. रशीदाभाभीनं आईच्या पायांपाशी बसून बाह्या वर केल्या. मग तिचा हात थांबला.

"डोकं कोण धरेल?"

ते काम आईचं होतं. मी पुढं झाले.

"तू नाही, बेटी. पोटच्या पोरीचे हात कापतात. तू शेवटचा तांब्या घाल."

कुसुमकाकू लुगड्याचं टोक धरून उभी होती. तिनं ते शेजारणीच्या हातात दिलं, आईच्या उशाशी बसली आणि डोळे मिटून दोन्ही हात पुढं केले.

"मला भीती वाटते," ती म्हणाली.

"काय म्हंतीया?" अक्काताईनं विचारलं.

"भ्या वाटतंय म्हंते."

"भ्या कसलं!" अक्काताई तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा. "प्रमिला जित्तेपणी कुणाला चावली न्हाई, आता चावतीया व्हय?"

लुगड्यांच्या पलीकडं कुणीतरी हसलं. कुसुमकाकूनं डोळे उघडले आणि आईचं डोकं मांडीवर घेतलं.

मालननं पहिला तांब्या उचलला, पण पाणी पडेना. तिघी गप्प होत्या. दर वेळी बोलायला सुरुवात आई करायची, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"काकू," शेवटी मालन आईला म्हणाली, "विसण बराबर झालंय का बघा. न्हाईतर मागनं बोलशीला." तिचा आवाज फुटला, पण पाणी पडलं. मग रशीदाभाभी सुरू झाली. "प्रमिलाआपा, या गुडघ्याला तेल लावते हां, लई दुखत होता तुमचा." मग अक्काताईनं आईला स्वतःच्या भाजीतल्या किडक्या वांग्यांवरून वर्षानुवर्षं चाललेलं भांडण ऐकवलं आणि ती वांगी खरंच किडकी होती हे कबूल केलं. एरवी आईनं हे ऐकायला काहीही दिलं असतं.

शेवटचा तांब्या माझ्या हातात आला.

"बोल काहीतरी," रशीदाभाभी म्हणाली. "ऐकतेय ती."

शब्दांची मला कधी वाण नव्हती. आयुष्य पुस्तकांत गेलेलं. मी पाणी घातलं. कपाळावरून, कानामागून, मानेवरून. तांब्या रिकामा झाला आणि मी काहीच बोलले नव्हते. मालननं तो माझ्या हातातून घेतला आणि खाली ठेवला.

तिरडी दारात आली तेव्हा ओट्यावरचे लोक बसून राहिले. नानाकाकांनी शब्द खरा केला होता. मी पुढच्या बांबूपाशी जाऊन उभी राहिले. माझ्या शेजारी मालन आली, मागं दोघी. आम्ही वाकणार, एवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून एक वाकलेला माणूस घाईघाईनं येताना दिसला. मल्लय्या. म्हातारा झाला होता. त्याच्या मागून मागांवरची माणसं येत होती, बनियनवर सुताची भुकटी, हात तेलकट.

"मी पहिला," मल्लय्या म्हणाला. त्याच्या मराठीला अजून तेलुगूचा हेल होता. "माझी लक्ष्मी हिच्या हातानं न्हाऊन गेली. मी पहिला."

त्यानं मालनच्या पुढं खांदा लावला. मग कोण कुठं लागलं, मला सांगता येणार नाही. कुणाची आई, कुणाची बहीण, कुणाची बायको आईच्या हातांखालून गेली होती. पत्र्याच्या खोल्यांतला कालचा तो मुलगाही त्यांत होता. त्याच्या स्वतःच्या आईची राख अजून निवली नसेल.

तिरडी निघाली तशी गल्लीतले माग एकेक करून थांबत गेले. शांतता आमच्या पुढं पुढं चालत होती. नानाकाका स्वतःच्या दारात उभे होते. आम्ही त्यांच्यासमोरून गेलो तेव्हा त्यांनी पायांतल्या चपला काढल्या. एवढंच केलं त्यांनी. अग्नी मी दिला.

त्यानंतरचे दिवस कुसुमकाकू माझ्याकडंच राहिली. ती माझ्याआधी उठायची, चहा करायची, आणि आमच्या घरचं पाणी प्यायची. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

दहावा व्हायचा होता. दुपारी नानाकाका आले. उंबऱ्याच्या आत खुर्ची ओढून बसले. आधी दहाव्याचं बोलले. मग घसा साफ केला.

"झालं ते झालं. रविवारचा कार्यक्रम पुढं ढकललाय. वहिनींचा मरणोत्तर सत्कार करायचा ठरलंय. तू स्वीकार."

"चार शाली आहेत का?"

"वैजू, आता तरी..."

"आईनं चार मागितल्या होत्या. ती गेली म्हणून कमी करायच्या नाहीत."

ते काही बोलणार होते, तेवढ्यात दारात सावली पडली. मालन होती. फाटकाच्या आत आली होती पण उंबऱ्याबाहेर थांबली होती. केसांत सूत होतं.

"वैजू, तुला तरास द्यायला न्हाई आले. तेवढी काकूंची पितळी बादली दे. पत्र्याच्या बादलीत पाणी लवकर निवतंय."

"कोण गेलं?"

"बसस्टँडमागं एक बाई ऱ्हायची. गोधड्या शिवायची. कुणीच न्हाई तिला."

"सुतकातली वस्तू घराबाहेर द्यायची नसते," नानाकाका म्हणाले.

मी कोनाड्यातून बादली काढली. साबणाची वडी, पंचा, तेलाची बाटली आत ठेवली. बादली मालनच्या हातात दिली. नानाकाका कपाळाला हात लावून बसले.

"डोकं कोण धरतंय?" मी विचारलं.

"कोण न्हाई. आमी तिघीच. भागवू कसंतरी." ती जायला वळली आणि थांबली. बादलीच्या कडीकडं बघत बोलू लागली. "काकूंनी येळेवर पाचवी बाई हुडकायला पायजे हुती. मी लय वेळा म्हटलं. म्हणायच्या, मिळंल. दर येळी आमी तिघी गल्लीच्या तोंडाला उन्हात उभ्या, आन् काकू काय या दारातनं हलायच्या न्हाईत. अक्काताई कावायची, चला की! तर हिथनंच हात करायच्या. मागनं सांगायच्या, जरा थांबले गं, कोण येतंय का बघत हुते."

"कोण येणार होतं?"

"आता मला काय ठावं," मालन म्हणाली. "मी कधी इचारलं न्हाई." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

मी उंबऱ्यापाशी उभी होते. आईचा हात ज्या उंचीवर टेकायचा तिथं चौकटीचा हिरवा रंग उडून खालचं लाकूड दिसत होतं. तळव्याएवढं. गुळगुळीत झालेलं. तिथून आत पाहिलं की सरळ माझी खुर्ची दिसते, आणि तिच्यावर घडी करून ठेवलेला पेपर.

मी ओढणी कमरेला बांधली आणि चपला पायात सरकवल्या.

"वैजू," नानाकाका उठून उभे राहिले, "सुतकात आहेस तू! लोक काय म्हणतील?"

"त्या गोधडीवाल्या बाईला विचारून सांगते."

ते कुसुमकाकूकडं वळले. "तू तरी सांग हिला."

कुसुमकाकू स्वयंपाकघराच्या दारात आली होती. "गॅसवर दूध आहे," ती मला म्हणाली. "ते मी बघते."

मालन गल्लीच्या तोंडाशी पोचली होती. तिथं रशीदाभाभी आणि अक्काताई उन्हात उभ्या होत्या, आणि तिघी आता वळणार होत्या. गल्लीतले सगळे माग चालू होते. त्या खटखटीत हाक पोचणं कठीण होतं, आणि अक्काताईला तर मुळातच कमी ऐकू यायचं. मी चौकटीवर हात ठेवला, जिथं रंग उडाला होता तिथं, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडले,

"थांबा! मी येते!"